तेल प्यालेलं लाकूड

गिरणीतली नोकरी गेल्यावर तुमचे आजोबा बोलेनासे झाले होते. एके दिवशी त्यांनी घरीच गिटार बनवायला घेतली आणि मला जरा धीर आला. दिवसभर भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

गिटारची मान, म्हणजे तारांखालची लांब दांडी, एकाच लाकडाची केली तर सोलापूरच्या उन्हाळ्यात वाकेल, म्हणून त्यांनी तीन पट्ट्या सरसाने जोडायचं ठरवलं. बाहेरच्या दोन पट्ट्या जुन्या खिडकीच्या सागवानातून निघाल्या. मधल्या पट्टीसाठी शिसव परवडेना. शेजारी हातमागावर विणणारे एक गृहस्थ होते, त्यांनी मोडक्या मागाची फळी आणून दिली.

"वहिनी, बापाच्या वेळेपासून तेल प्यालंय हे. वाकायचं नाव घेणार न्हाय बगा."

वाकलं नाहीच. पण तारा ताणताच सांधा उघडला, कारण तेलकट लाकडाला सरस धरत नाही. आजोबांनी पट्ट्या जळणात टाकल्या आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. 

मी माझा जेवायचा पाट त्यांच्यापुढे ठेवला. तो लग्नातला होता, अस्सल शिसवी.

"अहो, हा कापा."

"आणि तू बसणार कशावर?"

"जमिनीवर. ती अजून कुणी नेली नाही."

ते हसले नाहीत.  मग पाट उचलून कानाशी धरला आणि लाकूड कसं वाजतं ते बोटाने टकटक करून ऐकलं.