चिमूटभर जेरुसलेम

शेजारच्या मोझेलबाई गेल्या. बेने इस्रायली ज्यूंच्या रीतीप्रमाणे थोरल्या लेकाने डबीतली जेरुसलेमची माती त्यांच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवली. थोडी फरशीवर सांडली. मला रडूच येत नव्हतं; काहीतरी करायचं म्हणून मी केरसुणी उचलली.

"झाडू नकोस गं," समोरच्या घरातली फिलोमिना म्हणाली. "आमचा येशू तिथंच मेला, तिथंच उठला."

"आमचे पैगंबर तिथूनच आसमानात गेले," हमीदचाचा म्हणाले.

"आई रोज तिकडेच तोंड करून प्रार्थना करायची," लेक पुटपुटला.

त्या शहरापायी माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, असं पेपरात वाचते. मला ती माती आमच्या अंगणातल्यासारखीच दिसली. हमीदचाचांनी खाली वाकून बोटाने कण न् कण टिपला आणि लेकाच्या तळहातावर ठेवला.

हातातली केरसुणी कुठे ठेवावी, मला कळेना.