गार हात

हिवाळ्यातल्या सकाळी वॉर्डच्या राऊंडला माझे डॉक्टरकीचे विद्यार्थी एकामागून एक एका आजोबांचं पोट तपासत होते. गार हातांनी आजोबांचं पोट दगडासारखं कडक झालं. "आता पुरे!" ते वैतागले. शेवटची मुलगी थांबली आणि तळवे एकमेकांवर चोळू लागली.

"भाकरी थापतेस का गं?"

"हात गार आहेत, आजोबा. ऊब आली की लावते. चालेल ना?"

ते हसले. पोट सैल पडलं आणि कुणालाच न लागलेली, डाव्या बरगड्यांखालची वाढलेली प्लीहा तिच्या बोटांना लागली.

प्लास्टिकच्या पुतळ्यांवर तपासणी शिकणारी ही पिढी माणूस विसरेल, असं मीच म्हणत आलो. खरं सांगतो, पोट कडक झालं की मी रोग्यावरच ओरडायचो. हे तिला मी शिकवलेलं नाही; तरी छाती माझीच फुगली. पुढच्या खाटेकडे जाताना मी खिशातून हात काढले आणि चोळू लागलो.