चॉकलेटी मिरची

बी काढताना जहाल तिखट भूत मिरचीचा वास नाकात गेला, ठसका लागला आणि अमरावतीच्या बाजारातली ती सकाळ आठवली. लालभडक ढिगांमध्ये माझं एकच पोतं होतं, पिकून चॉकलेटी झालेल्या याच मिरच्यांचं. दुसऱ्या मिरचीचा पराग लागू नये म्हणून दोन वर्षं कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधून मी तो रंग टिकवला होता. अडत्याने मूठभर मिरच्या उचलून रस्त्यावर फेकल्या. "बाई, सडका माल कावून आणला?" "सडका नाई, भाऊ, हिचा रंगच असा हाये. चाखून तं पाहा!" चारचौघांत माघार कशी घ्यायची, म्हणून त्याने एक तुकडा चावला. डोळे वाहू लागले, उचकी थांबेना, हमालाने पाणी आणलं. तरी म्हणतो कसा, "तिखट हाये, पण रंग चालत नाई!" माझं डोकंच फिरलं. "हाच रंग मांगाले येशीन तू माह्या वावरात," म्हणत मी त्याने फेकलेल्या मिरच्या एकेक वेचल्या आणि पुढच्या हंगामात त्यांचंच बी लावलं. आता गिऱ्हाईकं हाच रंग मागतात, म्हणून तोच अडत्या माझ्या गावी भातकुलीला येतो, वावराच्या बांधावर उभा राहतो. मी आधी त्याला एक तुकडा चाखायला लावते, मगच भावाचं बोलते.