एकवीस पायऱ्या

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा पाऊस रुसला होता, हपिसं मात्र तरारून उगवत होती. अशाच एका भाड्याच्या हपिसात दवाखान्यांतल्या समाजसेवकांना शिकवायचं होतं, की अपंग पेशंटशी कसं वागावं. नमुना म्हणून शांतम्माला बोलावलं होतं. पोलिओनं पाय गेलेली शांतम्मा गोलाईच्या बाजारात विभूती-कापूर विकायची आणि बेरिंगची चाकं लावलेल्या फळीच्या गाडीवरून अशी सुसाट सुटायची, की सायकलवाले बाजूला उड्या मारायचे.

नवं लुगडं नेसून ती पोचली, तर वर्ग वरच्या मजल्यावर! जिन्याला एकवीस पायऱ्या. शांतम्माला हसू आवरेना.

दोन समाजसेवक तिला उचलायला धावले.

"हात नका लावू! मी काय टँकरवरची घागर हाय का? तुम्हीच या खाली!"

आणि आले की! फळा आला, खुर्च्या आल्या, शेवटी घामाघूम होऊन शिकवणारे साहेब आले. हपिसासमोरच्या कडुलिंबाखाली वर्ग भरला. शांतम्माला गाडीवर गिरकी घ्यावीशी वाटली. तिनं दोन घेतल्या.

साहेबांनी खडू उचलला, घसा खाकरला.

"सुरू करण्याआधी कुणाला काही शंका?"

"हाव, मला हाय," शांतम्मा म्हणाली. "आता शिकवायचं काय राहिलं, सायेब?"