तासाभराचं बंगळूर

बिदरहून बंगळूरला विमान सुरू झालं आणि माझी पंचाईत झाली. तोवर मला बंगळूरहून गावी यायला रात्रभराची रेल्वे होती. बिदरजवळच्या आमच्या खटकचिंचोळी गावचे लोक 'लांब पडला बिचारा' म्हणून माझी कीव करायचे. विमान आलं आणि मी आईला विसरलेला मुलगा ठरलो.

हे सगळं थोरल्या अण्णाचं काम. विमानात कधी पाऊल न टाकलेला माझा हा भाऊ किराणा दुकानात, पारावर, दिसेल त्याला सांगत सुटला, "बंगळूर आता तासाचं हाय!"

आईनं, म्हणजे आमच्या अव्वानं, ते मनावर घेतलं. दर फोनला तेच. "तासाची तर वाट हाय. कामून येईनास रे?" तास नुसता हवेतला, असं मी कानीकपाळी ओरडायचो. अलीकडं बिदर गाठायचं, तिथं ताटकळायचं, पलीकडं उतरलं की बंगळूरच्या वाहतुकीत सडायचं, हे त्या तासात कोण धरतं? पण माझे ते बहाणे आणि अण्णाचं ते खरं. अस्सा संताप यायचा!

मग मी बंगळूरला घर घेतलं आणि अव्वा एकटी यायला निघाली. अंघोळ करून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेत नाही. जन्मभराचा नेम. पण नव्या घरातली पहिली पूजा आपल्या हातची व्हावी, असं तिच्या मनात होतं. म्हणून पूजा न करताच ती पहाटे घरातून निघाली. तासाचीच तर वाट!

बिदरला हवा बिघडली. विमान काही सुटेना. अण्णा तिला आत सोडून गावी परतलासुद्धा. दुपारी मी फोनवर गयावया केली, "अव्वा, घोटभर पाणी तरी घे."

"पूजा व्हयची हाय अजून."

अण्णाला फोन करून झापलं. "म्हातारीला उपाशी धाडलंस?"

"आता बसली की तासात पोचती," तो म्हणाला. अजून तासच!

दिवस कलला तेव्हा ती उतरली. ओठ कोरडे पडलेले. पुढं रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलानं. मी बाटली पुढं केली, तर तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. स्टिअरिंगवर हात आपटण्यापलीकडं मला काही करता येईना.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेली होती. तिनं अंघोळ केली, विभूती लावली, लिंग तळहातावर घेऊन कोपऱ्यात बसली. पूजा संपल्यावर दिवसातला पहिला घोट घेतला. आता तरी कळला का अण्णाचा तास, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून माझ्याकडं पाहिलं.

"एवढ्या लांब हाईस व्हय रे तू?" ती म्हणाली. "मला वाटायचं, हाक मारली की येशील." आणि ती रडायला लागली.

अव्वा आता गावी आहे. फोनवर जेवलास का विचारते, तब्येतीला जप म्हणते. कामून येईनास, असं एकदाही म्हणत नाही. अण्णाला मी अजून माफ केलेलं नाही, ते यासाठी.