धारच्या दवाखान्यातल्या काचेच्या प्लेटी

दवाखान्यात फोटोच्या प्लेटी धुणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. डॉक्टर निदान सांगून पुढच्या पेशंटकडे वळतात; आईबाप मात्र प्लेट वाळेपर्यंत आमच्यापाशी बसून राहतात. धारला क्ष-किरणांचं यंत्र नवं आलं, तेव्हाच्या या गोष्टी.

नालछा गावची एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी पाठ ताठ धरून चालायची. डॉक्टरसाहेबांनी तिच्यापुढे पेरू टाकला. ती वाकली नाही. गुडघ्यावर हात टेकून खाली बसली आणि मग पेरू उचलला.

"मणक्याचा क्षय दिसतोय," साहेब मला म्हणाले. "फोटो घेऊ."

प्लेटीत दोन मणके झिजून एकमेकांत रुतलेले दिसले. मी ती उजेडात धरली, तशी आईनं तोंड फिरवलं.

"भिया, छोरी तो जिंदी है," ती म्हणाली. "हड्डी क्यों दिखाओ हो?"

मी प्लेट खाली घेतली. दीड वर्ष निजवून ठेवल्यावर ती मुलगी चालत आली. पाठीला थोडं कुबड राहिलं.

फोटोच्या वेळी मूल हलता कामा नये. एक तीन वर्षांचा मुलगा यंत्राचा कडकडाट ऐकला की टेबलावरून उतरायचा. दोन प्लेटी वाया गेल्या. शेवटी त्याचे आजोबा, दरबारातले जुने कारकून, पगडी काढून स्वतःच टेबलावर आडवे झाले. नातू मुकाट्यानं त्यांच्या हातावर निजला. प्लेटीत त्याच्या मणक्यांशेजारी आजोबांची बोटं आली, अंगठीसकट. मणके चांगले होते. आजोबांनी ती प्लेट मागून नेली.

देवासच्या एका खानदानी घरातल्या मुलीच्या काकांनी मात्र हात आडवा केला. "फोटो नको. उद्या लग्न जमवताना बोभाटा होईल." साहेबांनी हात जोडून विनवलं. काही महिन्यांनी तेच काका तिला उचलून घेऊन आले. तिच्या पायांतली ताकद गेली होती.

"आता काढा," ते म्हणाले.

साहेबांनी काढला. प्लेट पाहायला कुणी थांबलं नाही.

पुढे साहेबांचीच पाच वर्षांची मुलगी खेळताना पाठ धरून बसू लागली. फोटो त्यांनी मला काढायला लावला, प्लेट स्वतः धुतली. खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारात उभ्या होत्या. साहेब वळले आणि इतर आयांना सांगत तसंच, सावकाश सांगू लागले.

"बाई, मुलीला वर्षभर प्लास्टरमध्ये उताणं निजवून ठेवावं लागेल. कितीही रडली तरी उठू द्यायचं नाही."

वहिनींनी पदर सावरला.

"बरं, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या.