व्हिसाआधीचा सत्कार
प्रमुख पाहुण्यांचं नाव माइकवर पुकारलं आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. आसेगावात विहारासमोर मंडप टाकला होता. फ्लेक्सवर प्रणालीचा हसरा फोटो. आणि स्टेजकडे निघालेले डॉक्टर म्हणजे वाशीमच्या ज्या दवाखान्यात ती नर्स होती, त्याचे मालक. व्हिसा हातात येईपर्यंत त्यांना काही कळू द्यायचं नाही, हे मी तिच्या वडिलांना घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं.

वाशीमला माझं व्हिसाच्या कामाचं छोटं ऑफिस आहे. व्हिसा मी देत नाही, कागद जुळवते. प्रणालीला इंग्लंडच्या एका नर्सिंग होमनं, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमानं, नोकरी दिली होती. अशा व्हिसात मालकच स्पॉन्सर असतो. म्हणजे तो तिथल्या सरकारला लिहून देतो, की ही बाई मला कामाला हवी. तसं लिहून द्यायला त्याच्याकडे सरकारी लायसन्स लागतं. ते सगळं झालं होतं, अर्जही गेला होता. फक्त निकाल बाकी होता. त्या ‘फक्त’मध्ये काय काय असतं, ते माझ्या धंद्यातल्यालाच ठाऊक.

तिचे वडील जनार्दनकाका एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना मी फोनवर म्हटलं होतं, “काका, व्हिसा येऊ द्या, मग करा सत्कार. एवढी घाई कायले?”

“ताई, आमच्या गावातून इलायतले कोनी गेलं नाही. अन् तुमी म्हनता, चूप बसा!”

“बरं, गावाले सांगा. पन दवाखान्यात नका सांगू.”

काका ‘हो’ म्हणाले आणि स्वतः जाऊन डॉक्टरांना आमंत्रण देऊन आले. ज्यांच्या हाताखाली पोरगी शिकली, त्यांनाच वगळणं त्यांना बेइमानी वाटली. कुणाच्या चांगुलपणाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

डॉक्टरांनी शाल दिली, भाषणही मनापासून केलं. खाली उतरल्यावर मला म्हणाले, “मॅडम, आधी सांगायचं ना. उद्यापासून दुसरी नर्स बघतो.” त्यांनी बघितलीही. प्रणालीनं मुकाट राजीनामा लिहून दिला.

त्यानंतर इंग्लंडहून मेल आला. नर्सिंग होमच्या कारभारात गडबड सापडली होती आणि लायसन्स रद्द झालं होतं. स्पॉन्सर गेला, म्हणजे व्हिसाही गेला. मी तिथल्या एचआरला फोन लावला.

“पण हिची काय चूक?”

“काहीच नाही. दुसरा स्पॉन्सर शोधा.”

मग डॉक्टरांकडे गेले. तिला परत घ्या म्हटलं.

“नवीन मुलगी रिसोडहून इथं खोली करून राहिली आहे, मॅडम. तिला काय सांगू?”

माणूस चुकीचं बोलत नव्हता.

प्रणालीनं घरी सांगितलं नाही. दवाखान्याची शेवटची कामं आहेत म्हणून ती रोज डबा घेऊन निघायची आणि माझ्या ऑफिसातल्या बाकावर येऊन बसायची.

“घरी राह्यली तं सारं गाव इचारते, मॅडम. निंगाली तं जाऊ कुठं?”

दुसऱ्या मालकांना आम्ही अर्ज पाठवत होतो. उत्तर कुणाचंच येत नव्हतं. एक दिवस ती समोर बसलेली असतानाच काकांचा फोन आला.

“ताई, पोरीचं तिकीट कवाचं हाये?”

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मग मीच सगळं सांगून टाकलं.

“म्या डॉक्टरसाहेबाले बलावलं, म्हून गेली काय तिची नोकरी?”

“नाही काका,” मी म्हटलं. “ते लायसन्सचं झालं.”

“हां. मंग तो पोरीच्या फोटोचा बोर्ड उतरोतो.”

आता नवा उमेदवार आला, की मी पहिल्याच दिवशी सांगते: हा व्हिसा तुमचा नसतो, मालकाचा असतो. तुमची असते ती हातातली नोकरी. सगळे मान डोलावतात. बाकावर बसलेली प्रणालीही ऐकत असते.